पहाऱ्याचे नियम कुठे लिहिले आहेत?

संगणकावर चालणारा कोणताही प्रोग्रॅम स्वतःच्या बळावर फारसे काही करू शकत नाही. आकडेमोड करणे आणि वाट्याला आलेल्या मेमरीत फेरफार करणे एवढेच त्याच्या हातात असते. फाइल उघडायची, पडद्यावर अक्षर उमटवायचे, नेटवर्कवर चार बाइट पाठवायचे किंवा दुसरा प्रोग्रॅम सुरू करायचा, तर त्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, रीतसर मागणी करावी लागते. या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. लिनक्समध्ये अशा मागण्यांचे तीनशेहून अधिक प्रकार आहेत आणि साधा प्रोग्रॅम त्यांतले काही डझनच वापरतो. उरलेले प्रकार त्याला कधी लागत नाहीत, पण ते त्याच्यासाठी उघडे मात्र असतात, आणि हेच हल्लेखोराच्या पथ्यावर पडते. फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक चूक सापडली की हल्लेखोर त्या प्रोग्रॅमच्या नावाने कर्नलकडे हवी ती मागणी करू लागतो. एखाद्या क्वचित वापरल्या जाणाऱ्या कॉलच्या कोडमध्ये दोष राहून गेला असेल, तर सगळे यंत्रच त्याच्या ताब्यात जाऊ शकते. म्हणून प्रोग्रॅमने सुरुवातीलाच ‘मला एवढेच कॉल लागतील, बाकीचे बंद करा’ असे सांगून ठेवायचे आणि कर्नलने ते बंधन शेवटपर्यंत पाळायचे, अशी सोय निघाली. तिला सिस्टिम कॉल फिल्टरिंग म्हणतात.

या सोयीची चर्चा बहुतेक वेळा कोडभोवती फिरते. ती कोणत्या आवृत्तीत आली, तिच्यामुळे यंत्र किती मंदावते, कोणते उत्पादन ती वापरते, हे सगळे बोलले जाते. तिची लेखी माहिती, म्हणजे आपण ज्याला सरसकट डॉक्युमेंटेशन म्हणतो ती, सगळे उरकल्यावर सवडीने लिहायची गोष्ट मानली जाते. माझे म्हणणे असे की या एका बाबतीत तरी तो क्रम चुकीचा आहे, कारण फिल्टरची लेखी माहिती हा त्याच्या सुरक्षेचाच एक अवयव आहे. चुकीचा फिल्टर बिनतक्रार चालतो. बेरजेच्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल तर उत्तर चुकते आणि ती लगेच कळते. फिल्टरमध्ये एखादी वाट उघडी राहिली तर रोजच्या कामात काहीच बिघडत नाही, सगळ्या चाचण्या पास होतात, आणि चूक कळते ती कुणीतरी त्या वाटेने आत शिरल्यावर. म्हणजे फिल्टर बरोबर आहे की नाही हे नुसते चालवून पाहून ठरवता येत नाही. कर्नलने नेमके काय कबूल केले आहे आणि काय केलेले नाही, हे आधी माहीत असावे लागते. ते कळायला लेखी नोंदीखेरीज मार्ग नाही.

लिनक्समधल्या या सोयीचे नाव सेककॉम्प. आंद्रेआ आर्कांजेली या इटालियन प्रोग्रॅमरने ती २००५ साली लिनक्स २.६.१२ मध्ये आणली. संगणकाचा रिकामा वेळ इंटरनेटवरून इतरांना भाड्याने देता यावा अशी त्यांची कल्पना होती, आणि परक्याचा कोड आपल्या यंत्रावर चालवायचा तर त्याचे हातपाय बांधूनच चालवायला हवा. त्यामुळे नियमही तसाच कडक होता. आधीच उघडलेल्या फाइलमधून वाचणे, तिच्यात लिहिणे, सिग्नल हाताळून परतणे आणि बाहेर पडणे, एवढ्या चारच कॉलांना परवानगी. पाचवा कॉल केला की कर्नल त्या प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, जागच्या जागी संपवतो. हा नियम एका वाक्यात सांगता येतो आणि त्यात गैरसमजाला जागा नाही. पण इतक्या बंधनात कामाचा प्रोग्रॅम लिहिणे जवळजवळ अशक्य, म्हणून ही सोय फारशी कुणी वापरली नाही. २०१२ मध्ये गूगलच्या क्रोम ओएसवर काम करणाऱ्या विल ड्रुरी यांच्या प्रयत्नाने लिनक्स ३.५ मध्ये तिचे दुसरे रूप आले. स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९२ च्या सुमारास लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत नेटवर्कची पॅकेट निवडण्यासाठी बीपीएफ नावाची एक चिमुकली भाषा तयार केली होती. तीच आता सिस्टिम कॉल निवडण्यासाठी वापरता येऊ लागली. प्रत्येक कॉल पाहून तो जाऊ द्यायचा, त्रुटी परत करायची की प्रोसेसच मारायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. ताकद वाढली, पण नियम एका वाक्यात मावण्याचे दिवस तिथेच संपले.

फिल्टरला प्रत्यक्षात काय दिसते ते जवळून पाहू. कॉल आला की कर्नल त्याच्यासमोर चार गोष्टी ठेवतो: कॉलचा क्रमांक, प्रोसेसरच्या रचनेची खूण, कॉल कुठल्या पत्त्यावरून आला तो पत्ता, आणि कॉलसोबतची सहा मूल्ये. क्रमांक पाहून निर्णय घेणे सोपे वाटते, पण हे क्रमांक सगळीकडे सारखे नाहीत. ६४ बिटांच्या एक्स८६ यंत्रावर क्रमांक २ म्हणजे फाइल उघडणे. त्याच यंत्रावर ३२ बिटांच्या पद्धतीने कॉल केला तर क्रमांक २ म्हणजे नवी प्रोसेस निर्माण करणे. क्रमांक १ एकीकडे ‘लिही’ सांगतो तर दुसरीकडे ‘संपव’. एकच प्रोसेस या दोन्ही पद्धतींनी कॉल करू शकत असल्यामुळे रचनेची खूण न तपासता फक्त क्रमांकावर विसंबणारा फिल्टर सहज फसतो. त्यातही एक्स३२ नावाची तिसरी पद्धत आहे. तिची खूण ६४ बिटांच्या पद्धतीसारखीच असते, फक्त क्रमांकातला एक वरचा बिट चढवलेला असतो. ‘अमुक क्रमांक बंद’ अशी यादी करणाऱ्याने हा बिट ध्यानात घेतला नाही, तर बंद केलेला कॉल मोठ्या क्रमांकाचे सोंग घेऊन आत जातो. कर्नलसोबत येणाऱ्या माहितीपत्रात रचना न तपासणे हा या सोयीच्या वापरातला सगळ्यात मोठा धोका म्हणून नोंदवला आहे, तो याच कारणाने. फिल्टर लिहिणाऱ्याने स्वतःचा कोड कितीही डोळ्यांत तेल घालून वाचला तरी ही गोष्ट त्याला तिथे दिसणार नाही.

दुसरी अडचण प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्या मध्ये बसलेल्या लायब्ररीची. प्रोग्रॅमर ‘ओपन’ लिहितो, पण तो थेट कर्नलशी बोलत नसतो. बहुतेक लिनक्स यंत्रांवर जीलिबसी ही लायब्ररी त्याच्या वतीने बोलते आणि कोणता कॉल करायचा ते तीच ठरवते. ‘एक्झिट’ लिहिले तर ती ‘एक्झिट-ग्रुप’ करते, ‘फोर्क’ लिहिले तर ‘क्लोन’ करते. २०१७ च्या २.२६ आवृत्तीपासून ‘ओपन’ लिहिले तरी सगळ्या रचनांवर ‘ओपनॲट’ हा वेगळा कॉल जाऊ लागला. ज्याने फिल्टरमध्ये ‘ओपन’ला परवानगी दिली आणि ‘ओपनॲट’चा विचार केला नाही, त्याचा प्रोग्रॅम एका अक्षराचाही बदल न होता, केवळ लायब्ररी नवी आली म्हणून बंद पडला. उलट ज्याने ‘ओपन’ बंद केला आणि ‘ओपनॲट’ मोकळा ठेवला, त्याचा फिल्टर त्या दिवसापासून नावापुरता उरला. वेळ विचारण्याच्या काही कॉलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. काही यंत्रांवर ते कर्नलपर्यंत जातच नाहीत, कर्नलने प्रोसेसच्या मेमरीत ठेवलेल्या एका छोट्या तुकड्यातच त्यांचे उत्तर मिळते. तिथे फिल्टर निर्धास्त चालतो आणि ती सोय नसलेल्या यंत्रावर तोच प्रोग्रॅम मारला जातो. सेककॉम्पच्या मॅन पेजमध्ये हे दोन्ही इशारे आता स्पष्ट लिहिले आहेत. मॅन पेज म्हणजे टर्मिनलवर ‘मॅन’ लिहून वाचता येणारे अधिकृत माहितीपान. लायब्ररीच्या वागणुकीची ही माहिती कर्नलच्या कोडमध्ये सापडणे शक्यच नाही, कारण ती कर्नलची वागणूकच नाही.

तिसरी गोष्ट फिल्टरला काय दिसत नाही याची आहे. सहा मूल्यांपैकी काही साधे आकडे असतात, तर काही पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या दुसऱ्या एखाद्या जागेचे पत्ते. फाइलचे नाव अशाच पत्त्याने येते. तहसील कचेरीच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाने अर्जाचा नमुना क्रमांक आणि रकाने पाहावेत, पण जोडलेले पाकीट उघडू नये, तशी फिल्टरची स्थिती आहे. पत्ता दिसतो, पत्त्यावरचा मजकूर वाचायची मुभा नाही. ‘ही फाइल उघडू दे, ती नको’ असा नियम सेककॉम्पमध्ये लिहिता येत नाही तो यामुळे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही उणीव वाटते, पण ती अनुभवातून आलेली आहे. नील्स प्रोव्होस यांचे सिस्ट्रेस हे साधन २००२ पासून ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी या प्रणालींत होते आणि ते फाइलची नावे वाचून निर्णय घेत असे. रॉबर्ट वॉटसन यांनी २००७ साली दाखवून दिले की तपासणी झाल्यानंतर आणि कर्नलने प्रत्यक्ष काम करण्याआधीच्या निमिषात त्याच प्रोसेसचा दुसरा धागा, म्हणजे तिच्यात समांतर चालणारा थ्रेड, मेमरीतले नाव बदलू शकतो. तपासले एक आणि उघडले भलतेच. ओपनबीएसडीने २०१६ मध्ये सिस्ट्रेस काढून टाकले. सेककॉम्पने पॉइंटरच्या मागे न जाण्याचा निर्णय घेतला तो हाच धोका ओळखून. हे कारण लिहून ठेवले नसते तर एखादा उत्साही प्रोग्रॅमर ती ‘उणीव’ दूर करायला निघाला असता आणि जुनाच दोष नव्याने घेऊन आला असता.

म्हणूनच या विषयातली सगळ्यात मोलाची वाक्ये नकारार्थी आहेत. सिस्टिम कॉल फिल्टरिंग म्हणजे सँडबॉक्स, अर्थात प्रोग्रॅमला पूर्ण बंदिस्त करणारा कप्पा, नव्हे, हे कर्नलच्या माहितीपत्रात स्वतंत्र मथळा देऊन सांगितले आहे. कर्नलचा उघडा भाग कमी करण्याचे ते एक साधन आहे आणि पूर्ण बंदोबस्तासाठी त्याला इतर साधनांची जोड लागते. हेच वाक्य काढून टाकले आणि बाकी सगळे अचूक ठेवले, तरी वाचणारा खोट्या भरवशावर राहील. याचे आणखी ठळक उदाहरण २०१९ च्या लिनक्स ५.० मधले आहे. त्या आवृत्तीपासून फिल्टरला एखादा कॉल थांबवून दुसऱ्या प्रोसेसकडे निर्णयासाठी सोपवता येऊ लागला. ती दुसरी प्रोसेस थांबलेल्या प्रोसेसची मेमरी वाचू शकते. मग फाइलचे नाव पाहून परवानगी देण्याचा मोह कुणाला होणार नाही? पण सिस्ट्रेसला नडलेली अडचण इथेही तशीच आहे. कॉलला ‘पुढे जाऊ दे’ असे सांगेपर्यंत नाव बदललेले असू शकते. मायकेल केरिस्क यांनी या सोयीवर लिहिलेले स्वतंत्र मॅन पेज २०२१ मध्ये आले. सुरक्षेचे निर्णय या यंत्रणेवर सोपवू नका, हे त्यात निःसंदिग्धपणे बजावले आहे. निरीक्षक प्रोसेस सूचनेची वाट पाहत बसली आणि जिच्यावर लक्ष ठेवायचे ती प्रोसेस आधीच संपलेली असेल, तर त्रुटी परत येण्याऐवजी वाट पाहणे तसेच चालू राहते, हा दोषही त्याच पानावर ‘दोष’ या मथळ्याखाली नोंदवला आहे. अशा कडेकोपऱ्यातल्या गोष्टी पान लिहायला बसल्याशिवाय सहसा हाती लागत नाहीत. ‘प्रोसेस मधेच संपली तर काय होते?’ हे वाक्य पूर्ण करायचे तर ते करून पाहावे लागते.

लिहिलेली एक ओळ पुढे प्रत्यक्ष धोरण कशी होते, हेही पाहण्यासारखे आहे. डीबगर ज्या ‘पीट्रेस’ कॉलच्या आधारे दुसऱ्या प्रोसेसवर ताबा मिळवतो, तो आणि सेककॉम्प यांच्यात लिनक्स ४.८ पूर्वी एक फट होती. प्रोसेसचा ताबा असलेला डीबगर फिल्टरची तपासणी झाल्यानंतर कॉलचा क्रमांक बदलू शकत असे आणि बदललेला कॉल पुन्हा तपासला जात नसे. ४.८ मध्ये हा क्रम सुधारला. मॅन पेजमध्ये आवृत्तीच्या क्रमांकासह ही नोंद आहे आणि जुन्या कर्नलवर फिल्टरबंद प्रोसेसला ‘पीट्रेस’ देऊ नका असा सल्लाही आहे. कंटेनर, म्हणजे एकाच कर्नलवर प्रोग्रॅमसाठी केलेले वेगळे कप्पे, चालवणाऱ्या डॉकरच्या ठरीव यादीत आज नेमका हाच नियम दिसतो: कर्नल ४.८ किंवा त्यानंतरचा असेल तर ‘पीट्रेस’ला परवानगी, नाहीतर नाही. आवृत्तीचा तो आकडा नोंदवलेला नसता तर दोनच पर्याय उरले असते. एक तर डीबगर सगळ्यांसाठी कायमचा बंद ठेवायचा, नाहीतर जुन्या यंत्रांवरची फट तशीच सोडायची.

जिथे असा लेखी करार नव्हता तिथे काय झाले, तेही याच क्षेत्रात पाहायला मिळते. परवानगी नसलेला कॉल आला की डॉकरचा फिल्टर ‘परवानगी नाही’ अशी त्रुटी परत करत असे. हे ऐकायला रास्त वाटते. पण जीलिबसी नवा कॉल वापरून पाहते तेव्हा तिचा हिशेब वेगळा असतो. कर्नलने ‘असा कॉलच माहीत नाही’ असे उत्तर दिले तर ती समजते की कर्नल जुना आहे, आणि मुकाट्याने जुना कॉल वापरते. ‘परवानगी नाही’ म्हटले तर ते खरे उत्तर मानून हार पत्करते. लिनक्स ५.३ मध्ये ‘क्लोन३’ आला आणि ऑगस्ट २०२१ मधल्या जीलिबसी २.३४ ने धागे निर्माण करायला तो वापरायला सुरुवात केली. डॉकरच्या जुन्या यादीत हा कॉल नव्हता. नव्या वितरणांच्या कंटेनर प्रतिमा जुन्या डॉकरवर चालवल्या की साधा धागाही तयार होईना, आणि पडद्यावर दिसे ते फक्त ‘परवानगी नाही’. ‘क्लोन३’ला सरसकट परवानगीही देता येत नव्हती, कारण जुन्या ‘क्लोन’चे पर्याय साध्या आकड्यात येतात आणि फिल्टरला वाचता येतात, तर नव्याचे पर्याय पॉइंटरच्या मागे दडलेले असतात. शेवटी त्या कॉलपुरते ‘असा कॉलच माहीत नाही’ हे उत्तर द्यायचे ठरले. कर्नल, लायब्ररी आणि डॉकर या तिघांचाही कोड आपापल्या जागी बरोबर होता. चुकले ते त्यांच्यातल्या समजुतीत, कारण नाकारताना कोणती त्रुटी द्यायची आणि तिचा अर्थ काय लावायचा, हे तिघांना मान्य होईल असे कुठेच लिहिलेले नव्हते.

यावर पहिला आक्षेप जुनाच आहे: कर्नलचा सगळा कोड खुला आहे, ज्याला शंका असेल त्याने तो वाचावा, कोडपेक्षा खरे दुसरे काय असणार? कोड खरे सांगतो हे मान्य. पण तो आज काय होते तेवढेच सांगतो. उद्याही तसेच होईल असे वचन कोड देत नाही, आणि फिल्टरचा सगळा डोलारा उभा असतो तो वचनावर. एखादी गोष्ट जाणूनबुजून तशी ठेवली आहे की सहज तशी घडली आहे, हे कोड वाचून ओळखता येत नाही. पॉइंटरचेच पाहा. फिल्टर मेमरी वाचत नाही हे कोडमध्ये दिसते, पण वाचूच नये असे का ठरले ते दिसत नाही. शिवाय वर सांगितलेल्या अडचणी कर्नल, लायब्ररी आणि प्रोसेसर यांच्या सांध्यांवर आहेत, आणि सांध्याचा कोड कुठल्याही एका प्रकल्पात नसतो. तो वाचायचा म्हटले तर वाचणार कुठे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतके समजावून सांगावे लागत असेल तर साधनच चुकीचे आहे, ते सोपे करा, असे काही जण म्हणतात आणि ओपनबीएसडीकडे बोट दाखवतात. थिओ डी राट यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये तिथे ‘प्लेज’ या सोयीचे काम सुरू झाले आणि २०१६ च्या ५.९ आवृत्तीत ती सर्वत्र रुळली. तिथे कॉलांचे क्रमांक नाहीत, बीपीएफ नाही. प्रोग्रॅम दोनचार शब्दांत वचन देतो. फाइलचा मजकूर दाखवणारा ‘कॅट’ हा प्रोग्रॅम ‘एसटीडीआयओ’ आणि ‘आरपाथ’ एवढे दोनच शब्द उच्चारतो, म्हणजे नेहमीची देवघेव आणि फाइल वाचणे. वचन मोडले की कर्नल त्याला संपवतो. ही रचना देखणी आहे आणि लिनक्सने तिच्यापासून शिकण्यासारखे बरेच आहे. पण ती माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. ‘एसटीडीआयओ’ या एका शब्दात कितीतरी कॉल सामावलेले आहेत. त्यात काय येते आणि काय येत नाही हे शब्दावरून कळत नाही, ते कळते ‘प्लेज’च्या मॅन पेजवर. म्हणजे तिथे तर अर्थाचा सगळा भार लेखी पानावरच आहे. ओपनबीएसडीला हे साधते कारण कर्नल, लायब्ररी आणि मॅन पेजेस एकाच घरची आहेत. लायब्ररीने कॉल बदलला की त्याच वेळी कर्नलमधला गटही बदलता येतो आणि पानही. लिनक्समध्ये ही तीन घरे तीन ठिकाणी आहेत, तिथे त्यांना बांधून ठेवणारा धागा लेखी करारच असू शकतो. सोपेपणा हवा असेल तरी तो आधी नीट लिहून काढावाच लागतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: फिल्टर लिहितो कोण? सगळे तयार याद्या वापरतात. हे खरे आहे, आणि या याद्या आपल्या खिशापर्यंत पोहोचल्या आहेत. अँड्रॉइड ८.० पासून, म्हणजे २०१७ पासून, फोनवरचे प्रत्येक ॲप सेककॉम्पच्या फिल्टरखाली चालते. त्या वेळी गूगलने दिलेल्या आकड्यांनुसार ६४ बिटांच्या आर्मवर २७१ पैकी १७ आणि ३२ बिटांच्या आर्मवर ३६४ पैकी ७० कॉल बंद केले गेले. डॉकरची ठरीव यादी २०१६ पासून आहे. लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमध्ये तर सेवेच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली की कॉलांचा अख्खा गट चालू किंवा बंद होतो. पण तयार यादी वापरणाऱ्यालाही ती सैल करायची वेळ येतेच. एखादे साधन चालत नाही आणि इंटरनेटवर कुणीतरी सुचवलेले असते की फिल्टरच बंद करा, म्हणजे चालेल. त्या क्षणी त्याच्या हाताशी काय असते? डॉकरच्या माहितीत बंद केलेल्या महत्त्वाच्या कॉलांचा तक्ता आहे आणि प्रत्येकापुढे कारण दिले आहे. ‘कीसीटीएल’ पुढे लिहिले आहे की कर्नलमधला किल्ल्यांचा साठा कंटेनरनुसार वेगळा नसतो. जानेवारी २०१६ मध्ये याच कॉलमधला एक गंभीर दोष उघड झाला आणि डॉकरच्या ठरीव यादीत तो कॉल बंद असल्यामुळे त्या यादीखाली चालणाऱ्या कंटेनरमधून तो दोष वापरता येत नव्हता. असे कारण वाचलेला माणूस हवा तो एकच कॉल उघडेल, न वाचलेला सगळा पहारा उठवेल. प्रोग्रॅम चालवून तो कोणते कॉल करतो ते टिपणारी आणि त्यावरून आपोआप यादी बनवणारी साधने आहेत, पण ती टिपतात फक्त जे त्या वेळी घडले तेवढेच. डिस्क भरल्यावर किंवा नेटवर्क तुटल्यावर प्रोग्रॅम ज्या वाटेने जातो ती वाट चाचणीत क्वचितच येते, आणि मग यादी नेमकी संकटकाळी दगा देते.

शेवटचा आक्षेप गुप्ततेचा. फिल्टरच्या मर्यादा इतक्या उघडपणे लिहिल्या तर हल्लेखोराला आयता नकाशा मिळणार नाही का? हल्लेखोराकडे वेळ आणि चिकाटी दोन्ही असतात. कोड त्याच्यासमोर आहे, एकेक कॉल करून पाहून यादी काढणे त्याला अवघड नाही. न लिहिल्याने अडचण होते ती ज्याला चार कामांतून वेळ काढून सेवा सुरक्षित ठेवायची आहे त्याची. पद्धत शत्रूला माहीत झाली तरी व्यवस्था टिकली पाहिजे, हे तत्त्व ऑग्यूस्त केरकॉफ्स यांनी १८८३ मध्ये सांकेतिक लिपीबाबत मांडले, ते इथेही लागू पडते. आयओ-युरिंगचे उदाहरण घ्या. २०१९ च्या लिनक्स ५.१ मध्ये आलेल्या या सोयीत प्रोग्रॅम कामांची रांग मेमरीत मांडतो आणि कर्नल ती उचलून पार पाडतो. रांगेतले एकेक काम वेगळा सिस्टिम कॉल नसल्यामुळे ते फिल्टरसमोर येतच नाही. हे दडवून काय मिळाले असते? ते उघड बोलले गेले, सोयीतले दोषही पुढे आले, आणि २०२३ मध्ये गूगलने क्रोम ओएसवर ती बंद केल्याचे आणि अँड्रॉइडच्या ॲपना ती मिळू न देण्याचे जाहीर केले. डॉकरनेही आपल्या ठरीव यादीतून ती वगळली.

लेखी माहिती शिळी होते, हे मात्र मान्य करावेच लागेल. सिस्टिमडीची माहिती स्वतःच सांगते की कॉलांच्या गटांतला तपशील आवृत्तीनुसार बदलू शकतो. पण यावरून निघते ते इतकेच की नोंदीला आवृत्ती आणि तारीख हवी, आणि वागणूक बदलणाऱ्या कोडसोबत पानातला बदलही आला पाहिजे. प्रत्यक्षात हा भार मोजकी माणसे वाहतात. मायकेल केरिस्क यांनी २००४ पासून दीड दशकाहून अधिक काळ लिनक्सच्या मॅन पेजेसची देखभाल केली. एखाद्या सोयीचा कोड आधी येतो आणि तिचे पान दोन वर्षांनी, हे चित्र या क्षेत्रात सर्रास दिसते. पहाऱ्याच्या बाबतीत ही दोन वर्षे धोक्याची असतात, कारण लोक पानासाठी थांबत नाहीत, ते अंदाजाने वापरायला लागतात.

पुण्या-मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात बसून सर्व्हर आणि कंटेनर सांभाळणारे मराठी वाचक थोडेथोडके नाहीत. त्यांना यातून करण्यासारखे एक काम आहे. फिल्टरमध्ये एखादा कॉल उघडताना किंवा बंद करताना त्याच ओळीशेजारी चार गोष्टी लिहाव्यात: हा कॉल कुणाला लागतो, कोणत्या आवृत्तीपासून लागतो, नाकारताना कोणती त्रुटी द्यायची, आणि यातून कशाचे संरक्षण होत नाही. लिनक्सची मॅन पेजेस कुणा एका कंपनीच्या मालकीची नाहीत. चूक आढळली किंवा इशारा राहून गेला असेल, तर कुणीही दुरुस्ती पाठवू शकतो आणि ती तपासून घेतली जाते. ज्याला या चार ओळी लिहिता येत नाहीत, त्याने तो नियमही लावू नये. तो कशासाठी आहे हे पुढच्या माणसाला कळणार नाही, आणि न कळलेला नियम पहिल्याच अडचणीला काढून टाकला जातो.